तीन दिवसांची तांगी शहरी जीवनात कशी टिकते?

प्रश्न:
न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या अंत्यविधीत, म्हणजे तांगीत, पार्थिव साधारण तीन दिवस माराए या कुळाच्या सभास्थानी ठेवतात आणि त्या काळात त्याला क्षणभरही एकटे सोडत नाहीत, असे वाचनात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुसंख्य माओरी गावे सोडून शहरांत स्थायिक झाले. मग नोकरीच्या धबडग्यात हा विधी खरोखर पाळला जातो, की तो नावापुरताच उरला आहे?

प्रतिसाद १:
नावापुरता मुळीच नाही. माझ्या मते सर्वांत चिवटपणे टिकलेली प्रथा हीच आहे. पाहुण्यांच्या प्रत्येक गटाला यजमान स्त्री लांब स्वरात साद घालून आत बोलावते, वक्ते थेट मृतालाच उद्देशून बोलतात, प्रसंगी त्याला चार शब्द सुनावतातही, आणि नंतर नाकाला नाक भिडवून होंगी हे अभिवादन होते. दफनभूमीतून निघताना हातांवर पाणी घेतात, मग जेवणावळ. ज्यांचे गाव दुरावले, त्यांच्यासाठी शहरांतही माराए उभे राहिले. पश्चिम ऑकलंडमधील होआनी वाईटिटी माराए १९८० मध्ये सुरू झाला आणि तो कोणत्याही एका कुळाचा नाही.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण रजा कशीबशी मिळते. खरी चणचण माणसांची आहे. शेकडो पाहुण्यांचा स्वयंपाक सांभाळणारे हात हवेत, आणि साद घालणारी स्त्री व वक्ता यांना माओरी भाषा अस्खलित यायला हवी. शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांना मार खावा लागत असे, त्यामुळे मधल्या पिढ्यांत ती तुटली. म्हणूनच १९८२ मध्ये सुरू झालेल्या कोहांगा रेओ या माओरी भाषेतून चालणाऱ्या बालवाड्या मला १९८७ मध्ये भाषेला मिळालेल्या अधिकृत दर्जापेक्षा अधिक मोलाच्या वाटतात.

प्रतिसाद ३:
आणखी एक पेच आहे. मृताचा जोडीदार शहरात आणि कुळ गावी असेल, तर दफन कोठे करायचे? पार्थिवावर दोन्हीकडच्या आप्तांनी हक्क सांगून भर सभेत वाद घालणे ही जुनीच रीत असून, आपल्या माणसाचा तो मानच समजला जातो. परंतु असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा २०१२ मध्ये न्यायालयाने अंतिम निर्णय मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाकडे सोपवला. मात्र त्याने माओरी रीतिरिवाजही विचारात घेतले पाहिजेत, असेही बजावले. माओरी रीतीत असा निर्णय एकट्याचा नसतो, त्यामुळे ही तडजोड मला अर्धवट वाटते.