मदत हवी आहे: बाबा बिझनेसमध्ये, आई इकॉनॉमीत. आईला अपग्रेड मिळवायचा खात्रीचा मार्ग आहे का?

अक्कलकोटरोड:
नमस्कार मंडळी. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे कापडाचं प्रदर्शन आहे. बाबा इथल्या सोलापूरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या निर्यातीचं काम बघतात. कंपनीने त्यांचं मुंबई–फ्रँकफर्ट थेट विमानाचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं आहे. या वेळी आईही सोबत जातेय. तिचं तिकीट घरून काढलं. विमान तेच, पण इकॉनॉमी आणि त्यातलंही सर्वांत स्वस्त भाडं. पीएनआर दोन वेगळे.

आईचं वय ५८. गुडघे दुखतात, आणि इतक्या लांबच्या विमानप्रवासाची तिची ही पहिलीच वेळ. नवरा बिझनेसमध्ये असेल तर काउंटरवर विनंती केल्यावर बायकोलाही तिथे घेतात, असं नातेवाइकांकडून ऐकलं. हे कितपत खरं? नसेल तर पैसे भरून, माइल्स (विमान कंपनीच्या सदस्यत्व योजनेत जमणारे गुण) वापरून किंवा जागा बदलून काय करता येईल? थोडं सविस्तर सांगा.

बाळीवेस:
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टच देतो. नवरा पुढे बसलाय म्हणून बायकोला पुढे घेतात, असा नियम कुठल्याही विमान कंपनीत नाही. लग्नाचा वाढदिवस आहे, वय झालंय, पहिलाच प्रवास आहे, हे सांगूनही जागा मिळत नाही. काउंटरवरच्या माणसाच्या हातात तो अधिकार सहसा नसतो.

आपल्याकडे रेल्वेमुळे एक समज पक्का झालेला असतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं स्लीपरचं तिकीट काढताना ऑटो अपग्रेडच्या चौकटीवर खूण केली आणि वरच्या वर्गात जागा उरली, तर चार्ट लागताना थर्ड एसी मिळू शकतो, जादा पैसे न भरता. तिथे एका पीएनआरवरचे सगळे जातात नाहीतर कोणीच जात नाही. विमानात फुकट अपग्रेड मिळण्याचं कारण वेगळं असतं. बिझनेसमध्ये दहा खुर्च्या रिकाम्या असल्या तरी त्या रिकाम्याच उडतात. काही लोक येणार नाहीत असा अंदाज बांधून कंपनी इकॉनॉमीची तिकिटं खुर्च्यांपेक्षा जास्त विकते. तो अंदाज चुकला आणि सगळेच हजर झाले, की मागे बसायला जागा उरत नाही. मगच काहींना पुढे सरकवतात. तेव्हासुद्धा आधी कंपनीच्या सदस्यत्व योजनेतले वरच्या दर्जाचे कार्डधारक, मग महागड्या भाड्याचे प्रवासी असा क्रम असतो. सर्वांत स्वस्त भाड्याचं आणि सदस्यत्व नसलेलं तिकीट या रांगेत अगदी शेवटी येतं.

त्यात प्रदर्शनाचा आठवडा. जगभरचे कापडवाले त्याच दिवसांत फ्रँकफर्टला जातात आणि त्यांतले बरेच बिझनेसनेच जातात. म्हणजे इकॉनॉमी तुडुंब झाली तरी पुढे सरकवायला जागा राहीलच असं नाही. फुकटाच्या आशेवर बेत आखू नका.

तिकीटखिडकी:
बाळीवेस यांनी कारण बरोबर सांगितलं. आता करायचं काय ते सांगतो.

सगळ्यात आधी दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. एकाच विमानात दोघांचे वर्ग वेगळे असले की एका पीएनआरमध्ये दोघांना ठेवता येत नाही. त्यामुळे तिकिटं वेगळी राहणारच. पण दोन्हीत 'टीसीपी' असा शेरा घालता येतो. हे दोन प्रवासी एकत्र आहेत, असा त्याचा अर्थ. बाबांच्या तिकिटावर त्यांच्या कारखान्याचा ट्रॅव्हल डेस्क, म्हणजे तिकिटं काढणारा विभाग, तो घालेल, आईच्या तिकिटावर एजंट किंवा विमान कंपनीचं कॉल सेंटर. प्रत्येक तिकिटात दुसऱ्याचा पीएनआर क्रमांक लिहिला गेला पाहिजे, एकाच बाजूने घालून उपयोग नाही. या शेऱ्याने अपग्रेड मिळत नाही, पण त्याचं काम त्याहून मोठं आहे. थंडीत फ्रँकफर्टला बर्फामुळे किंवा धुक्यामुळे विमान रद्द झालं, की संगणक प्रत्येक पीएनआरला स्वतंत्रपणे दुसरं विमान देतो आणि बिझनेसवाल्याची सोय आधी लागते. बाबा आजच्या विमानात आणि आई उद्याच्या, असं होऊ शकतं. शेरा असला की हाताने दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याला दोघं एकत्र असल्याचं दिसतं.

दुसरा मार्ग बोलीचा. लुफ्तान्सा, इतिहाद, सिंगापूर एअरलाइन्स अशा अनेक कंपन्या इकॉनॉमीच्या प्रवाशाकडून वरच्या वर्गासाठी बोली मागवतात. ईमेलची वाट बघत बसू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर अपग्रेडच्या पानावर आईचा पीएनआर आणि आडनाव टाकलं की तिकीट पात्र आहे की नाही ते लगेच कळतं. एजंटकडून किंवा एखाद्या स्वस्त तिकिटांच्या साइटवरून काढलेली तिकिटं कधीकधी पात्र ठरत नाहीत. इथे पीएनआर वेगळा असल्याचा फायदा होतो. बोली ही पीएनआरवरच्या सगळ्या प्रवाशांसाठी मिळून लावावी लागते. आईचा पीएनआर एकटीचा, म्हणून पैसेही एकटीचेच.

रक्कम ठरवताना एवढं लक्षात ठेवा. बोली दर माणशी आणि दर विमानामागे असते, जाणं-येणं वेगवेगळं. पडद्यावर जो 'कमजोर' ते 'जोरदार' असा काटा दिसतो, तो तुम्ही मांडलेली रक्कम दाखवतो. विमानात किती जागा उरल्यात हे तो सांगत नाही. प्रदर्शनाच्या आठवड्यात सर्वांत खालच्या रकमेची बोली लागण्याची आशा फार कमी. वरची मर्यादा मात्र स्वतः घाला. समजा आईचं एका बाजूचं भाडं ३०,००० आणि त्याच तारखेचं बिझनेसचं ९०,००० आहे, तर फरक ६०,०००. बोली त्या फरकाच्या जवळ जात असेल तर ती लावू नका. तेवढ्या पैशात रीतसर तिकीट बदलून घेतलं तर जागा पक्की मिळते, बॅगांची मर्यादा वाढते आणि रद्द करण्याचे नियमही सहसा बरे असतात. बोलीने मिळालेल्या जागेवर माइल्स आणि बऱ्याचदा सामानाची मर्यादाही मूळ इकॉनॉमीचीच राहते.

पैसे बोली मान्य झाल्यावरच कापले जातात, आणि बरीच गडबड इथेच होते. निकाल साधारण उड्डाणाआधी तीन दिवस ते काही तास या दरम्यान लागतो. आपल्याकडे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधून ते सुरू करावे लागतात. ते बंद राहिले किंवा मर्यादा कमी पडली तर मान्य झालेली बोलीही हातची जाते. बोली लावतानाच दोन्ही गोष्टी तपासा आणि ती मर्यादा उड्डाणापर्यंत तशीच ठेवा.

माइल्सचं थोडक्यात सांगतो. बहुतेक योजनांत बाबांचे माइल्स आईच्या अपग्रेडला वापरता येतात. पण सर्वांत स्वस्त भाड्याच्या तिकिटावर ते सहसा चालत नाहीत. ई-तिकिटावर भाड्याचा प्रकार आणि त्याचं इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. ते समोर ठेवून योजनेच्या कॉल सेंटरला विचारा, होय किंवा नाही हे पाच मिनिटांत समजेल.

पार्कचौक:
एवढं सगळं करण्यापेक्षा बाबांनी आपली बिझनेसची जागा आईला द्यावी आणि स्वतः मागे बसावं. किंवा अर्धा प्रवास हा, अर्धा तो. विमानात कोण अडवतंय?

तिकीटखिडकी:
अडवतात, दादा. तिकीट नावावर असतं आणि वर्ग बदलणं म्हणजे तिकीट बदलणं. विमानतळावर बोर्डिंग पासची अशी अदलाबदल करून देत नाहीत. विमानात बसल्यावर केबिन क्रूच्या प्रमुखाला दोघांनी मिळून विचारता येतं, आणि एकास एक कायमची अदलाबदल काही जण मान्य करतात. 'नाही' म्हणाले तर तो विषय तिथेच संपवावा. अर्ध्या वाटेत अदलाबदल सहसा करूच देत नाहीत. जेवण, पांघरूण, पेय सगळं खुर्चीप्रमाणे मोजून ठेवलेलं असतं, आणि आणीबाणीत कोणत्या खुर्चीवर कोण आहे हे त्यांना कळावं लागतं.

दुसरं, मागच्या प्रवाशाने बिझनेसच्या पडद्यापलीकडे जाऊन बसायला बहुतेक कंपन्या मनाई करतात. भेटायचं असेल तर बाबांनी मागे यावं. तेही जेवणाच्या गाड्या फिरत नसताना आणि सीटबेल्टचा दिवा बंद असताना.

अक्कलकोटरोड:
सगळ्यांचे मनापासून आभार. फुकट मिळेल ही आशा सोडली. एक विचारायचं राहिलं. समजा काहीच जमलं नाही आणि आई मागेच बसली, तर तिचा प्रवास त्यातल्या त्यात सुखाचा कसा होईल? आणि कंपनीने बाबांचं तिकीट बदलून दोघांना एकाच वर्गात बसवलं, तर चालतं का?

सातरस्ता:
दुसरा प्रश्न आधी घेते, कारण माझ्या मते खरं उत्तर त्यातच आहे. आईच्या अपग्रेडमागे धावण्यापेक्षा दोघांना प्रीमियम इकॉनॉमीत, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या वर्गात, आणणं जास्त शहाणपणाचं. या वर्गात खुर्ची रुंद असते, पाय ठेवायला जागा जास्त असते, पाठ जास्त मागे जाते. गुडघ्यांना एवढा फरकही पुष्कळ. आणि पहिल्यांदाच निघालेल्या बाईला नऊएक तास नवरा शेजारी असण्याचं मोल खुर्चीपेक्षा जास्त असतं.

बाबांनी ट्रॅव्हल डेस्कला तीन गोष्टी विचाराव्यात. या बिझनेस तिकिटावर बदलाचा दंड किती? खालच्या वर्गात आल्यावर फरकाची रक्कम परत मिळते का? आणि ती रक्कम कंपनी सोबतच्या जोडीदाराच्या तिकिटासाठी वापरू देते का? काही कंपन्यांचं धोरण हे मान्य करतं. बाकीच्यांकडे तो फरक कंपनीकडेच जमा होतो, मग आईचे जादा पैसे घरून भरायचे. कंपनीने आईचा खर्च उचलला तर ती रक्कम बाबांच्या पगारातला लाभ म्हणून करपात्र ठरते. ते लेखा विभागाकडून आधीच लिहून घ्या. हिशेब करताना करही धरा. इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या वर्गांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के.

एकाच बाजूचे पैसे घालायचे असतील तर ते जाताना घाला. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे झोपेची वेळ तीच. दिवसाच्या परतीत माणूस उठून फिरू शकतो. आणि प्रदर्शन संपलं त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी परतू नका. दोन-तीन दिवस थांबलात तर परतीची गर्दी ओसरते आणि खालची बोलीही लागू शकते.

आता आई मागे बसली तर काय. पैसे भरून आजच जागा निवडा. इकॉनॉमीच्या पुढच्या भागात, रस्त्याकडेची, पडद्यापासून दुसरी किंवा तिसरी रांग. अगदी पहिली रांग नको. तिथे पाय समोरच्या भिंतीशी अडतात, हातातली पिशवी उड्डाणाच्या वेळी वर ठेवावी लागते आणि तान्ह्या बाळांचे पाळणेही तिथेच लागतात. आणीबाणीच्या दाराजवळची जागा ऐसपैस असते, पण गुडघे दुखणाऱ्या प्रवाशाला ती देत नाहीत. व्हीलचेअर हवी असेल तर किमान ४८ तास आधी कळवा. तिचे पैसे नसतात. व्हीलचेअर घेतल्याने अपग्रेड मिळत नाही, पण मुंबईच्या टी-टू टर्मिनलवरची लांबलचक चाल आणि फ्रँकफर्टच्या इमिग्रेशनची रांग वाचते.

जेवणाचं विसरू नका. हिंदू शाकाहारी जेवणाचा कोड एव्हीएमएल, जैन जेवणाचा व्हीजेएमएल. किमान २४ तास आधी नोंदवा, दोन्ही पीएनआरमध्ये वेगवेगळं. ऐनवेळी वर्ग बदलला तर आधी मागवलेलं जेवण मागच्याच गाडीत राहतं. क्रूला लगेच सांगितलं तर ते पुढे आणून देतात. सांगितलंच नाही तर पुढे उरलेल्यातलं घ्यावं लागतं, आणि त्यात शाकाहारी असेलच असं नाही.

सामानात एक सोय आहे. बिझनेसमध्ये साधारण ३२ किलोच्या दोन बॅगा चालतात, इकॉनॉमीत बॅग २३ किलोची. दोघांच्या वजनांची बेरीज करून देत नाहीत. आईची बॅग २६ किलो भरली तर दंड लागतो, बाबांची २० किलोच असली तरी. टॉवेलच्या नमुन्यांची जड बॅग बाबांच्या नावावर टाका. मात्र आईचं तिकीट 'लाइट' प्रकारचं असेल तर त्यात चेक-इनची बॅग धरलेली नसते, ते आधी बघा. आईची औषधं आणि एक शाल तिच्याच हातातल्या पिशवीत राहू द्या, बाबांकडे नको.

लाउंजचंही तसंच. नुसत्या बिझनेसच्या तिकिटावर सोबतच्या माणसाला आत नेता येत नाही, त्यासाठी वरच्या दर्जाचं कार्ड लागतं. बऱ्याच भारतीय क्रेडिट कार्डांवर विमानतळाच्या लाउंजमध्ये प्रवेश मिळतो. आईच्या नावाचं असं कार्ड असेल तर दोघांनी तिथे एकत्र बसावं.

बाळीवेस:
एक भर घालतो. उलटंही घडू शकतं, म्हणजे बाबांची बिझनेसची जागा विमान कंपनीनेच काढून त्यांना मागे बसवणं. तसं झालं तर गप्प बसायचं नाही. अंतर ३,५०० किलोमीटरच्या वर आहे. भारतीय कंपनीचं विमान असेल तर डीजीसीएच्या (आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाच्या) १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार तिकिटाच्या रकमेच्या ७५ टक्के परत मिळतात, युरोपीय कंपनी असेल तर युरोपियन युनियनच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार ७५ टक्केच. पण स्वतःहून मागे गेलात तर ही भरपाई नाही. म्हणून काउंटरवर 'चालेल, बसतो मागे' असं म्हणू नका, कोणत्याही संमतीच्या कागदावर सही करू नका, आणि वर्ग बदलल्याचं लेखी मागून घ्या.

सोलापूरहून निघतानाही घाई नको. सकाळच्या वंदे भारतने दुपारी दादरला उतरलात तरी रात्रीच्या विमानाला भरपूर वेळ उरतो. काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतात. उघडताच पोहोचलात तर पैसे भरून मिळणाऱ्या अपग्रेडची चौकशी आधी होते. असल्या जागा ज्याने आधी विचारलं त्याला मिळतात. होटगी रोडच्या विमानतळावरून मुंबईचं विमान धरणार असाल तर ते वेगळं तिकीट धरलं जातं. मुंबईत बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल. तेवढा वेळ राखून ठेवा.

अक्कलकोटरोड:
ट्रॅव्हल डेस्कला सातरस्ता ताईंचे तिन्ही प्रश्न आत्ताच पाठवले. प्रीमियम इकॉनॉमी जमली तर दोघं तिथेच बसतील. नाही जमली तर जाताना आईसाठी बोली, फरकाच्या निम्म्यावर मर्यादा. टीसीपीचा शेरा आणि कार्डाचे परदेशी व्यवहार आज करून घेते. एकच शंका उरली. बोली आधी लावली आणि मग डेस्कने तिकीट बदललं, तर बोलीचं काय होतं?

तिकीटखिडकी:
निकाल लागेपर्यंत बोली रद्द करता येते किंवा बदलता येते, पण मान्य झाल्यावर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून डेस्कचं उत्तर येईपर्यंत बोली लावू नका. उड्डाणाआधी आठवडाभर लावली तरी उशीर होत नाही. तोवर जागा निवडून ठेवा, चांगल्या जागा आधी जातात.