झागोरीची एकच पालिका : सोय कुणाची?

डोंगरवाट :
'ग्रीसने लहान पालिका एकत्र केल्या, खर्च वाचला, आता कुणाचीही तक्रार उरलेली नाही,' असे येथील एका सदस्यांनी काल लिहिले आणि उदाहरण दिले ते नेमके वायव्य ग्रीसमधल्या डोंगराळ झागोरीचे. 2011 मध्ये कॅलिक्रातिस कायद्याने मध्य झागोरी, पूर्व झागोरी, तिम्फी, पापिंगो आणि व्होवूसा या पाच पालिका एकत्र करून सुमारे 990 चौरस किलोमीटरची एक पालिका केली. तिची वस्ती चार हजारांच्या आत आणि मुख्यालय आस्प्रांगेलीत. मध्ये विकोसची दरी, वर तिम्फीचे कडे आणि पूर्वेच्या टोकाला आओस नदीकाठी व्होवूसा, जिथून हिवाळ्यात निघायचे तर आधी बर्फाची चौकशी करावी लागते. नकाशा न उघडता तक्रार नाही असे म्हणणे फार सोपे आहे.

नोंदवही :
नकाशा मीही पाहिला आहे. शे-दोनशे माणसांच्या गावाला स्वतःचा अभियंता परवडत नाही, आणि दरड कोसळल्यावर रस्ता अभिमानाने मोकळा होत नाही. दाखल्यांचे म्हणाल तर 2020 पासून बरेचसे ऑनलाइन मिळतात. 2023 मध्ये झागोरीला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पाच कार्यालयांनी ती फाइल एकमेकांकडे ढकलण्यातच वर्षे घालवली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानिनाकर :
मुख्यालय कुठे यावर भांडण्यापेक्षा मत कोण देतो ते पाहावे. पालिकेच्या नागरिक-नोंदवहीत नाव असले की अथेन्समध्ये आयुष्य काढलेला मनुष्यही आजोबांच्या गावात मतदान करतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांचे गावातले घर वर्षभर कुलूपबंद असते, पण निवडणूक आली की ते सहकुटुंब जातात. याउलट मी युरोपीय संघाबाहेरून आलेला परदेशी, ग्रीसमध्ये अनेक वर्षे कर भरतो आणि मला स्थानिक मतही नाही. 2010 मध्ये कायद्याने आमच्यासारख्यांना ते दिले होते. 2013 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

नोंदवही :
आपले दुःख खरे असेल, पण त्याचा व्होवूसाच्या रस्त्याशी काय संबंध?

यानिनाकर :
संबंध असा की, जो ऑगस्टमध्येच गावी येतो त्याला ऑगस्टचा रस्ता दिसतो, जानेवारीचा नव्हे. हे समजायला अभियंता लागत नाही.

डोंगरवाट :
त्या कुलूपबंद घरांना मी नावे ठेवणार नाही. माझ्या सासरचे एक घर पूर्व झागोरीत आहे. छप्पर शाकारणे, वाटा साफ करणे, देवळाच्या उत्सवाला पैसे देणे, हे सारे बाहेर गेलेलेच करतात. उस्मानी काळात झागोरीला स्वतःचा कारभार होता तेव्हाही परदेशी कमावणाऱ्यांच्या पैशानेच पूल आणि शाळा उभ्या राहिल्या. त्यांची मते काढून घेतली तर गावात उरेल कोण?

यानिनाकर :
म्हणजे देणगी द्या आणि मत घ्या. छान. मग माझ्या कराची पावतीही दाखवतो.

नोंदवही :
ही भाषा येथे नको. मूळ मुद्द्यावर येतो. एकत्रीकरण अटळ नव्हते, एवढे मी मान्य करतो, कारण उत्तर ग्रीसमध्ये असेच सेर्व्हियाला जोडलेले वेल्व्हेन्तो 2019 मध्ये पुन्हा वेगळी पालिका झाले. मात्र वेल्व्हेन्तोकडे पीचच्या बागा आहेत. व्होवूसाची वेगळी पालिका कशावर चालणार, ते डोंगरवाट यांनी सांगावे.

डोंगरवाट :
वेगळी पालिका मी मागितलेलीच नाही. बर्फ हटवणारे एक यंत्र चालकासह कायम पूर्व भागात ठेवावे आणि त्याच्या इंधनाचा निर्णय तिथल्या निवडून आलेल्या अध्यक्षाला घेऊ द्यावा. खर्च वाचलाच आहे म्हणता, तर एवढे परवडायला हरकत नसावी.