दवाखान्यात बोलणं होतं का? कोल्हापूरकरांनो, अनुभव सांगा की!

राजारामपुरीत कुठल्याही गल्लीत शिरा, दवाखान्याची पाटी दिसणारच. कोकणातनं, सीमाभागातनंही माणसं इथं उपचाराला येतात. तपासण्या होतात, गोळ्या मिळतात. बोलणं मात्र राहून जातं. तुमचं काय जमलं, काय फसलं, ते लिहा. डॉक्टरांनीही लिहा. नाव घेऊन कुणाला धुवायचं नाही, एवढीच अट.

कागलची सून :
सासऱ्यांची शुगर गोळ्या वाढवूनही उतरत नव्हती. दर वेळी डॉक्टर विचारायचे, "पथ्य पाळताय ना?" मामा म्हणायचे, "पाळतोय की." विषय संपला! नव्या डॉक्टरबाईंनी तसं विचारलंच नाही. उठल्यापासून पोटात काय काय जातं ते सांगा म्हणाल्या आणि पेन खाली ठेवून ऐकत बसल्या. तेव्हा उजेड पडला. मामांनी साखर सोडलेली, पण गुळाचा चहा तीन-चार वेळा, वर गुऱ्हाळाच्या दिवसांत काकवी. गूळ घरचा, म्हणजे चालतोय, असा हिशेब. बाई रागावल्या नाहीत. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते, एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी त्यावरनंच करतात. आदल्या दिवशी उपास करून काही लपत नाही, हे त्यांनी नीट समजावलं. मामा गप्प. तपासणीच्या आदल्या दिवशी ते खरंच उपास करायचे!

उत्तरेश्वर पेठेतून :
आईच्या ऑपरेशनची फाइल मागितली तर काउंटरवर नुसती टोलवाटोलवी. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, फाइल मिळाली.

मेडिकलवाला, शाहूपुरी :
डॉक्टरांना विचारायचं ते लोक आम्हाला विचारतात. चिठ्ठीवर १-०-१, म्हणजे सकाळी एक, रात्री एक, असं असतं; पण शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यानं सकाळ कुठली धरायची? औषधाचं जेनेरिक, म्हणजे कंपनीचं नव्हे तर मूळ औषधाचं नाव स्पष्ट, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ पासून आहे. काहीजण पाळतात. बाकीच्यांचं अक्षर आम्हाला सवयीनं लागतं, पेशंटला कसं लागणार?

एक फिजिशियन :
आता आमचीही बाजू ऐका. आजींना विचारावं तर उत्तर मुलगा देतो. असाच एकजण ठासून म्हणाला, "गॅस झालाय, गोळी द्या." मी आजींकडे वळलो. जोतिबाच्या पायऱ्या चढताना काय होतं? "छातीत भरून येतंय. जरा बसलं की जातंय." तपासण्या केल्या, दुखणं हृदयाचं निघालं. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये ते नुसती जळजळ किंवा धाप होऊनही येऊ शकतं.

सगळ्यात अवघड म्हणजे, "कॅन्सर आहे हे आबांना सांगू नका." आबांना बरेचदा आधीच अंदाज आलेला असतो. मी नातेवाइकांना बाहेर बसवून त्यांनाच विचारतो, "आजाराबद्दल तुम्हाला किती ऐकायचंय?" काहीजण म्हणतात, पोरालाच सांगा. तेही मान्य. पण ते आबांनी ठरवावं, पोरानं नाही.

आणि सांधेदुखीची कसली पुडी घेत असाल तर लपवू नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. ते बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. निघताना मी पेशंटला विचारतो, "आता घरी काय सांगणार?" माझं किती पोचलं ते त्यात कळतं. बरेचदा निम्मंच पोचलेलं असतं.

कागलची सून :
पटलं डॉक्टर. पण "अजून एक विचारायचं होतं" म्हटलं की कंपाउंडर दार उघडून पुढचा नंबर पुकारतो. त्याचं काय?

एक फिजिशियन :
बिनधास्त बसून राहा. मात्र शंका लिहून आणा आणि मोठी शंका पहिली काढा. पंधरा मिनिटं गुडघ्यावर बोलून झाल्यावर उंबऱ्यातनं मागं वळून सांगतात, "काल शौचाला रक्त पडलं होतं." अहो, ते आधी सांगा की!