गल्ली रिकामी करून फोटो काढणाऱ्यांना

उंबरठा
परवा एका छायाचित्रकाराने जुन्या शहराच्या गल्ल्या आणि बाजाराचे रस्ते कसे टिपावेत यावर लिहिलं. सल्ले तीन. पहाटे जा, म्हणजे माणसं मध्ये येत नाहीत. कुणाला विचारत बसू नका, विचारलं की चेहरा बदलतो आणि फोटो हातचा जातो. आणि लोंबत्या तारा, पाट्या, पाइप घरी येऊन पुसून टाका. दोन दिवस गप्प बसले. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मी अशाच गल्लीत राहते आणि कॅमेराही वापरते.

आमची गल्ली इतकी अरुंद की समोरून हातगाडी आली तर कुणाच्या तरी पायरीवर चढावं लागतं. ती पायरी म्हणजेच आमची ओसरी. माझे सासरे सकाळी तिथे बसायचे. एकदा बनियनच्या टोकाने चष्मा पुसत होते. एक जण समोर उकिडवा बसला, चार-पाच वेळा खटखट केलं आणि निघून गेला. काही महिन्यांनी तोच फोटो एका प्रदर्शनात दिसला, खाली मथळा 'एकाकी वार्धक्य'. घरात आम्ही सात माणसं. ते नातवासाठी थांबले होते आणि नातू दाराच्या आत, दोन हातांवर, बूट घालत होता. तो मथळा वाचल्यापासून सासरे पायरीवर बसत नाहीत. फोटो चांगला होता, हे मान्य करते. म्हणूनच जास्त लागलं.

तिठा
तुमच्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण चूक मथळ्याची आहे आणि तुम्ही शिक्षा सगळ्यांना देताय. मी बावीस वर्षं बाजाराच्या रस्त्यांवर हिंडतोय. "काढू का?" म्हटलं की माणूस केस सारखे करतो, ताठ होतो, हातातलं काम खाली ठेवतो. किल्लीवाला एक किल्ली दातात धरून दुसरी कानशीने घासतोय, डोळे बारीक केलेत, हे तुम्हाला विचारून कधीच मिळणार नाही.

आणि नोंदीचं काय? पॅरिसचे जुने रस्ते पाडले जात होते तेव्हा शार्ल मारव्हिलने ते टिपले. १८६२ पासून तो शहराचा नेमलेला छायाचित्रकार होता. आज त्या रस्त्यांचं जे काही डोळ्यांना दिसतं त्यातलं बरंचसं त्याच्या काचेच्या प्लेटांमुळे. दर उंबरठ्यावर थांबून परवानगी मागत बसलो तर जुनं शहर नोंदवायचं कुणी?

उंबरठा
मारव्हिलचं नाव घेतलंत, तर ग्लासगोचा थॉमस अ‍ॅननही बघा. १८६८ ते १८७१ या काळात त्याने तिथले कोंदट बोळ टिपले. ओल्या कोलोडियनच्या प्लेटा, म्हणजे रसायन ओलं असतानाच वापरायच्या काचा. आत उजेड नाही, एक्सपोजर, म्हणजे प्लेटेवर उजेड पडू द्यायचा वेळ, सेकंदांत मोजायचा. चोरून काढणं शक्यच नव्हतं. त्याच्या काही प्लेटांत रहिवासी बोळात उभे राहून थेट कॅमेऱ्याकडे बघतात. चेहरे बदलले असतील त्यांचे. बदलू देत की! तो त्यांनी स्वतः दिलेला चेहरा आहे.

आणि नोंदीचं म्हणाल तर अ‍ॅननचं ते काम ग्लासगोच्या ज्या शहर सुधारणा ट्रस्टसाठी झालं त्याच ट्रस्टला ते बोळ पाडायचे होते. लंडनमध्ये १८७५ साली ऑक्सफर्ड आर्म्स ही जुनी सराय पडणार म्हणून लोकांनी मंडळ काढलं, फोटो काढून घेतले. सराय पडलीच. फोटोमुळे गल्ली वाचते, हे निदान गल्लीत राहणाऱ्यांना सांगू नका.

शटर_पन्नास
परवानगीचं तुमचं चालू द्या, पण मूळ लेखातला खरा घोटाळा तिसऱ्या सल्ल्यात आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. तारा पुसल्या की गल्ली कुठल्या दशकातली हेच कळत नाही. पाटी पुसली तर दुकान कसलं होतं तेही गेलं. पुढे तुमचा फोटो कुणी उघडला तर त्याला तेच हवं असणार.

त्याहून वाईट म्हणजे सोळा मिलिमीटरची, खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स लावून काढलेली गल्ली. चार फुटांचा बोळ हमरस्त्यासारखा दिसतो. शिवाय कॅमेरा वर उचललेला, त्यामुळे दोन्ही भिंती आत कलतात. आणि मग सॉफ्टवेअरमध्ये त्या ओढून सरळ करतात.

अरुंद_आकाश
सरळ केल्या तर बिघडलं काय? घरं सरळच असतात. आणि लेन्समुळे परस्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं एकमेकांपुढे केवढं दिसतं ते, बदलत नाही, तो तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतो. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

शटर_पन्नास
पहिल्या आठवड्यात शिकवतात ते मलाही शिकवलंय. पण रुंद लेन्स लावली की माणूस चार पावलं पुढे सरकतो, आणि उभं राहायची जागा तिथेच बदलते. तुम्ही कधी खरोखर अरुंद बोळात उभ्या राहिलाय का? मागे सरकायला भिंत असते. सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ केल्या की वरचा मजला ताणला जातो, कडा कापल्या जातात आणि दोन मजली घर तीन मजली वाटतं. अत्झे या छायाचित्रकाराचं जुनं पॅरिस बघा. अठरा बाय चोवीस सेंटिमीटरच्या काचा. कॅमेरा वर न कलवता तो लेन्स बसवलेली पाटीच वर सरकवायचा. म्हणून रेषा सरळ, पण कित्येक प्रिंटांत वरचे कोपरे काळे पडलेत, कारण लेन्समधून पडणाऱ्या चित्राचं वर्तुळ तिथवर पोचत नाही. त्याने ते काळे कोपरे तसेच ठेवले. ही सचोटी.

अरुंद_आकाश
"उभ्या राहिलाय का" म्हणजे काय? माझं माहेर अशाच बोळातलं, आकाश म्हणजे वर एक पट्टी. दुपारी वरची पट्टी पांढरी फटक आणि खाली अंधार. एका फ्रेममध्ये दोन्ही येत नाही, म्हणून तीन एक्सपोजर जोडते. तुमच्या हिशेबाने हेही खोटं असेल. मग सावली काळीभोर ठेवून "मूड" म्हणणारे खरे का? मला माझ्या आईचं दार दिसायला हवं. तुमच्या सचोटीसाठी ते मी अंधारात ठेवणार नाही.

शटर_पन्नास
बोललो ते चुकलं, ते वाक्य मागे घेतो. तीन एक्सपोजरवर माझा आक्षेप नव्हता, पुसण्यावर होता आणि आहे.

गल्ल्यावरून
मी फोटो काढत नाही. बाजाराच्या रस्त्यावर दुकान आहे, तिसरी पिढी. तुम्ही सगळे उजेडाबद्दल आणि रेषांबद्दल भांडताय. माझ्या दारासमोर ट्रायपॉड लावून लोक वीस-वीस मिनिटं उभे असतात. गिऱ्हाईक येतं, फोटो चाललाय असं बघतं, अदबीने बाजूला थांबतं आणि कंटाळून परत जातं. त्याला "या, या" म्हटलं तर फोटोवाला माझ्याकडे रागाने बघतो. माझ्याच दारात! एकाने तर सांगितलं, "काका, तो प्लॅस्टिकचा स्टँड जरा आत घ्या, जुनेपण जातंय." तो स्टँड आत घेतला तर मी विकू काय?

तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. आजोबांच्या वेळची हाताने रंगवलेली पाटी आम्ही गंज लागला म्हणून काढून टाकली. घरात तिचा एकही फोटो नाही. मागल्या वर्षी एकाने आणून दाखवला, बऱ्याच वर्षांपूर्वी रस्त्यावरून जाताना काढलेला. तेव्हा त्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर वडिलांनी हाकलून दिलं असतं. तो फोटो आता पैशाच्या गल्ल्यामागे लावलाय.

तिठा
हेच मी पहिल्यापासून सांगतोय.

उंबरठा
हेच सांगत नव्हतात. त्या माणसाने तो परत आणून दाखवला. बावीस वर्षांत तुम्ही किती जणांना नेऊन दाखवलेत?

आणि लोक वैतागले की काय होतं तेही बघा. जपानमध्ये क्योतोच्या गिऑन या जुन्या वस्तीत २०१९ साली खासगी गल्ल्यांत फोटोबंदीच्या पाट्या लागल्या, दंड दहा हजार येन. २०२४ मध्ये तिथल्या काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. पॅरिसच्या रू क्रेमिओ या रस्त्याच्या रहिवाशांनी २०१९ मध्ये रस्त्याला फाटक मागितलं. ही माणसं फोटोच्या विरोधात नव्हती, पायरीवर बसता येईना म्हणून वैतागली होती.

अरुंद_आकाश
पहाटेच्या रिकाम्या गल्लीबद्दल एक राहिलं. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या दागेरने १८३८ साली टिपलेला तो पॅरिसचा रस्ता सगळ्यांनी बघितलाय. भर वर्दळीचा, पण एक्सपोजर इतकं लांब की चालती माणसं उमटलीच नाहीत. ठळक दिसतो तो बहुधा बूट पुसून घ्यायला थांबलेला एक जण. तेव्हा तो नाइलाज होता. आज माणसं मुद्दाम टाळून तसंच चित्र करायचं आणि त्याला जुन्या शहराचा आत्मा म्हणायचं, हे मला पटत नाही. भिंतींच्या रेषांबाबत शटरजींशी वाद आहे, यात नाही.

तिठा
नेऊन दाखवले का, विचारलंत. तीन-चार जणांना. बाकीच्यांना नाही. काल रात्री जुन्या फाइली उघडल्या. एका बोळाच्या फोटोला मी 'निर्जन' नाव दिलं होतं, त्याला बक्षीसही मिळालंय. मोठा करून बघितला तर वरच्या मजल्यावर, गजांच्या आड, एक बाई कापड झटकतेय. मला ती कधी दिसलीच नव्हती. नाव बदलतो. परवानगीबद्दल मत बदललेलं नाही, ते नोंदवून ठेवा.

उंबरठा
नोंदवलं. त्या बाईंना एक प्रत नेऊन द्या.

तिठा
ते घर पाडलं. खालचा दुकानदार समोर गेलाय असं ऐकलं होतं, त्याला विचारून बघतो.