लक्षद्वीपला विधानसभा द्यायची झाली तर नियम काय ठेवाल?

पेठेतला_वकील
लक्षद्वीपची लोकसंख्या २०११ ला ६४,४७३, वस्तीची बेटं दहा, कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाकडे. घटनेच्या कलम २४० खाली तिथले कायदे राष्ट्रपती काढू शकतात, म्हणजे खरं तर दिल्लीतले अधिकारीच. पुद्दुचेरीला १९६२ च्या घटनादुरुस्तीने विधानसभेची वाट मोकळी झाली, या बेटांना नाही. माझं मत, द्या विधानसभा, पण दोन गोष्टी घटनेतच लिहा, नेमलेला सदस्य एकही नको आणि निवडणूक लांबवायची सोय कुणालाच नको. जागा किती ते नंतर बघू.

कोथरूडची_काकू
अहो आमच्या चार नगरसेवकांच्या एका प्रभागात एवढी माणसं राहतात! त्यांना मुख्यमंत्री, मंत्री, बंगले, गाड्या? आणि खासदार आहे की. पुण्यात वीस लाखांवर मतदारांत एक, तिथे साठ हजारही मतदार नाहीत. तिथले खासदार पी. एम. सईद दहा वेळा निवडून आले आणि २००४ ला ७१ मतांनी पडले, एवढं मताला वजन आहे तिथे, अजून काय पाहिजे?

पेठेतला_वकील
काकू, वजन मताला आहे, खासदाराला नाही. २०२१ ला तिथे पंचायत कायद्याचा मसुदा आला, दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर उभं राहता येणार नाही वगैरे, आणि त्याच वर्षी शिक्षण, आरोग्य, शेती, मासेमारी, पशुसंवर्धन पंचायतीकडून काढून घेतलं. खासदार विरोध करत राहिले, बाकी काय करणार एकटा माणूस?

औंधकर
दोन मुलांची अट आपल्या ग्रामपंचायतींना पण आहे ना राव, तेव्हा कुणी बोंबललं नाही

मिनिकॉय_प्रेमी
@औंधकर ती अट पटो न पटो, आपण निवडून दिलेल्या विधानसभेने केली, उद्या आपलेच आमदार काढू शकतात. तिथे काढायला आहे कोण?
आणि छोटं म्हणून नको हे मला पटत नाही. फिनलंडचा ऑलंड बेटसमूह बघा, लोकसंख्या तीस हजाराच्या आसपास, स्वतःची ३० जणांची विधानसभा आहे आणि वर फिनलंडच्या संसदेत एक खासदारसुद्धा. त्या विधानसभेच्या मतदानाला तिथला अधिवास लागतो, नुसतं घर भाड्याने घेतलं म्हणून चालत नाही.

औंधकर
ऑलंडकडे जहाजांचा धंदा आहे, इथे नारळ आणि टूना. पैसा दिल्लीचा आणि हुकूम यांचा असं कसं चालेल

कोथरूडची_काकू
बरं जागा कशा वाटणार ते तरी सांगा. बित्रा बेटावर २७१ माणसं, कवरत्तीवर अकरा हजार. बेटाला एक जागा दिली तर बित्राचा आमदार म्हणजे एका वाड्याचा आमदार. लोकसंख्येवर दिली तर बित्राला शून्य.

मिनिकॉय_प्रेमी
मालदीवच्या २००८ च्या घटनेत सोय आहे की. प्रत्येक विभागाला पहिल्या पाच हजारांपर्यंत दोन जागा, पुढच्या प्रत्येक पाच हजाराला एक. आपण आकडे कमी करायचे, बेटाला एक नक्की आणि पुढे दर चार हजारांना एक. सगळ्या बेटांचा मिळून एकच मतदारसंघ मात्र नको, मिनिकॉयची भाषा महल, बाकी बेटं मल्याळमच्या बोलीवाली, त्यात मिनिकॉयवाले बुडतील.

पेठेतला_वकील
जागांचं गणित सुटेल हो. घोळ नेमलेल्यांचा असतो. पुद्दुचेरीत ३० निवडलेले आणि केंद्राने नेमलेले तीनपर्यंत. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नेमताना तिथल्या सरकारला विचारायची गरज नाही, आणि त्यांना मतही आहे. फेब्रुवारी २०२१ ला नारायणसामी सरकार गेलं तेव्हा विरोधकांच्या आकड्यात हे तिघं होते. तीसात तीनने एवढं होतं, तर त्याहून छोट्या सभागृहात बघायलाच नको.

कोथरूडची_काकू
हा मुद्दा मान्य. पण ते "निवडणूक लांबवता येणार नाही" नुसतं लिहून काय होतं? घटनेच्या कलम २४३ यू मध्ये स्वच्छ लिहिलंय, महापालिकेची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. पुण्यात मार्च २०२२ ला मुदत संपली, प्रशासक बसला तो थेट जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, जवळजवळ चार वर्षं. आपण नाही लक्षद्वीपच झालो होतो का?

पेठेतला_वकील
म्हणूनच म्हणतो, तारीख चुकली तर काय होणार तेही त्याच कलमात पाहिजे. नवीन सभागृह येईपर्यंत जुनंच चालू राहील, प्रशासक बसणार नाही. मग निवडणूक लांबवून दिल्लीला काय फायदा?

औंधकर
दिल्लीला नाही हो, जुन्या आमदारांना फायदा. तेच जातील कोर्टात स्टे घ्यायला