सोयाबीन-हरभऱ्याच्या रानात नुसता ताग की मिश्र हिरवळ?

काळीमाती: मध्यम काळं रान, सोयाबीनवर हरभरा हा फेर कायमचा. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, सामू (पीएच) ८.२, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) कमी. येत्या खरिपात एक एकर हिरवळीच्या खताला, म्हणजे पीक वाढवून हिरवंच मातीत गाडायला, सोडायचंय. नुसता ताग पेरू की पाच-सहा बियांचं मिश्रण? आणि गाडल्यावर पुढचं पीक पिवळं का पडतं?

पाभर: बियाणं नका मोजू, कुळं मोजा. सोयाबीन, हरभरा, ताग ही तिन्ही शेंगवर्गीय, एकाच कुळातली, म्हणजे मातीला तेच ते. एकरी ताग १० किलो, चवळी ५, ज्वारी ३ आणि सूर्यफूल १ किलो धरा. ज्वारीची तंतुमुळं वरच्या थरात जाळं धरतात, तागाचं सोटमूळ खाली जातं. शिवाय ज्वारी मातीतलं तयार नत्र ओढून घेते, त्यामुळे तागाला हवेतलं नत्र घ्यावंच लागतं. सगळं बी एकत्र चाड्यात (पाभरीवरच्या बी सोडायच्या वाटीत) टाकू नका, बारीक बी तळाशी बसतं नि पेर विषम होते. ज्वारी वाळूत मिसळून वेगळी फोका. आणि कोवळ्या ज्वारीत जनावरं सोडू नका, विषबाधा होते.

ओलावा: पिवळेपणा बहुतेक वेळा उशिरा गाडल्याचा. कोवळ्या तागात कर्ब-नत्र गुणोत्तर (एक भाग नत्रामागे किती भाग कर्ब) २० च्या आसपास असतं, निसवलेल्या, म्हणजे कणसं बाहेर पडलेल्या, ज्वारीच्या ताटात ६० च्या वर. असा काडीकचरा कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि पीक उपाशी राहतं. ४५-५० दिवसांनी, ताग फुलावर येताच गाडा. ओल असेल तर पेरणीआधी दोन-तीन आठवडे पुरतात. ताटं जून झालीच तर गाडताना एकरी २०-२५ किलो युरिया द्या.

काळीमाती: स्फुरदासाठी तूर किंवा मोहरी घालू का? सोयाबीनचं रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणारं जिवाणू खत) उरलंय, ते चालेल?

बांधकरी: मोहरी नको. तिच्या मुळांत मायकोरायझा बुरशी वस्तीच करत नाही आणि स्फुरद आणून देणारी तीच. तुरीची मुळं लोहाला बांधलेला स्फुरद सोडवतात, हे पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत दिसलं, पण ते लाल मातीत. तुमच्याकडे स्फुरद चुनखडीला बांधलेला, त्यावर हरभऱ्याच्या मुळांतली आम्लं आधीच काम करतायत.

सोयाबीनचं पाकीट तागाला नको. ताग, चवळीला चवळी गटाचं लागतं. महिन्याभरानं गाठी तपासताना रोप उपटू नका, गाठी मातीत राहतात. खोऱ्यानं ढेकळासकट काढा, पाण्यात सोडवा, गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर नत्र धरतेय. पांढरी किंवा हिरवट म्हणजे फुकट.

काळीमाती: कर्ब किती वाढेल?

ओलावा: एका हिरवळीत माती तपासणीच्या अहवालात दिसेल असा नाही. कोवळा पाला लवकर कुजतो, बराचसा कर्ब हवेत जातो. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीकला १९९४ पासून वनस्पतींच्या १ ते १६ जातींचे प्रयोगाचे वाफे आहेत, तिथंही मिश्रणाचा फायदा वर्षागणिक वाढत गेला. आणि ते कायमचं गवताळ रान, नांगर नाही. तुम्ही दरवर्षी खोल नांगरट करणार असाल तर मिळवलेलं तिथंच जातं. मातीचा नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, २० सेंटिमीटर खोलीचाच घ्या.