हॅचबॅकची मागची काच फुटली, साधी टाकू की डीफॉगरवाली?

प्रश्न: मागची काच फुटून नुसता चुरा झालाय. डिकीत, सीटच्या फटीत, बेल्टच्या बकलमध्येसुद्धा साबुदाण्याएवढे तुकडे. मेकॅनिक म्हणतो, साधी काच टाका, रेघांवाली कशाला? काय करू?

उत्तर: अजिबात ऐकू नका. त्या तपकिरी रेघा म्हणजेच डीफॉगर, काचेवरची वाफ घालवणारा हीटर. पावसात मागचं धूसर झालं की कळेल! वायपर असेल तर त्याचं भोकही जुळायला हवं.

उत्तर २: काच रबरात बसवलेली आहे की चिकटवलेली, ते आधी बघा. चिकटवलेली असेल तर जुना गोंद मुळापासून खरवडू देऊ नका; एक-दोन मिलिमीटरचा थर राहू द्यायचा, नवं युरेथेन (काच चिकटवायचा गोंद) त्यावरच घट्ट धरतं. पत्र्याला ओरखडा गेला तर प्रायमर लावायलाच हवा, नाहीतर आतून गंज धरतो. घाईतली माणसं नेमकं हेच गाळतात.

प्रश्नकर्ता: चिकटवलेली आहे. लगेच चालवू शकतो?

उत्तर २: गोंदाच्या नळीवर वेळ लिहिलेली असते, तेवढं थांबा. तोवर दाराची एक काच किंचित खाली ठेवा, दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला ढकलते. आणि डिकीच्या दाराचं आतलं प्लॅस्टिक काढून व्हॅक्यूम मारायला सांगा, नाहीतर महिनोन्महिने खुळखुळ ऐकाल.